कोपरा तेवढा बघून घ्या

३ फेब्रुवारी, मंगळवार

ती. आत्यास,

मागच्या पत्रात मी तुला एक चुकीची गोष्ट लिहिली, ती आधी दुरुस्त करते. मी लिहिलं होतं की कागदाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात कुणी काहीच काढलं नाही. ते खरं नाही. त्या कोपऱ्यात डाग होते आणि ते मी पुसले.

तुला हे क्षुल्लक वाटेल. मलाही दोन दिवस वाटलं. पण काल साहेबांनी अहवालाचा मसुदा वाचायला दिला, त्यात त्या कोपऱ्याबद्दल एक ओळ आहे: "रहिवाशांनी स्वतःच्या हाताने मोकळी दाखवलेली जागा." ती ओळ वाचल्यापासून मी अस्वस्थ आहे. मोकळी त्यांनी दाखवली की मी केली?

तू विचारलं होतंस की एका कागदावर चाळीस माणसं चित्र काढतात म्हणजे नक्की करतात काय. सांगते. वस्तीच्या मधलं जुनं गोदाम पाडून झालं आहे. तिथे सगळ्यांसाठी काय करायचं हे पालिकेला ठरवायचं आहे आणि ते लोकांना विचारून ठरवायचं, म्हणून आमच्या ऑफिसला काम दिलं. सभेत विचारलं तर मोठ्या आवाजाची चार माणसं बोलतात, बाकीचे मान हलवून घरी जातात. म्हणून आम्ही हॉलच्या जमिनीवर पाच मीटर लांबीचा कागद पसरतो, त्यावर रस्ते आणि ती जागा एवढंच आधी आखलेलं असतं, आणि प्रत्येकाच्या हातात कोळशाची कांडी देतो. पेन्सिल नाही, कारण पेन्सिल दिली की माणसं शाळेतल्यासारखी घाबरतात. कोळशाने सगळ्यांचंच चित्र सारखंच वाईट येतं. मग गुडघे टेकून सगळे काढायला लागतात: नळ, बाक, झाड, पोरांना खेळायला जागा. काढता काढता भांडतात, आणि भांडता भांडता ठरतं.

नियम एकच. खोडायचं नाही. दुसऱ्याचं पटलं नाही तर शेजारी आपलं काढा, पण पुसू नका. हा नियम दर वेळी मीच मोठ्याने सांगते.

त्या दिवशी सगळे गेल्यावर फोटोच्या आधी मी कागदावरचे बोटांचे, गुडघ्यांचे, चपलांचे काळे डाग मऊ रबराने काढले. ते नेहमीच काढते. त्या कोपऱ्यात जरा जास्त होते. मला कुणी सांगितलं नव्हतं. डाग होता, म्हणून पुसला. तुझ्याकडे शिकताना डाग पडला की अर्धा गुण जायचा, तो हात अजून तसाच आहे. हे तुझ्यावर ढकलत नाही, फक्त सांगते.

तब्येत सांभाळ. कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आलीस का ते खरं खरं लिही.

तुझी,
भाची


९ फेब्रुवारी

चि. शंकेखोर,

कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आले. त्याने बरंच काही सांगितलं, मला त्यातलं निम्मं ऐकू आलं. तेव्हा पत्रच बरं. परवा फोनवर तू "कागद" म्हणालीस आणि मी "गारठा" समजून तुला स्वेटर घालायला सांगितला, आठवतं ना?

आता तुझ्या डागांविषयी. बाई गं, कोळशाने चित्र काढायचं आणि डाग पडले म्हणून पत्र लिहायचं! तू सात वर्षांची असताना शेजारणीच्या कुंडीला धक्का लागला म्हणून तीन दिवस जेवली नव्हतीस, आणि कुंडी फुटलीही नव्हती. तशातलाच हा प्रकार. पस्तीस वर्षं मी मोजणीच्या नकाशांच्या प्रती काढल्या. घामाचा थेंब, पेनाचा ठिपका, माशी बसल्याची खूण, सगळं पुसूनच नकाशा पुढे जातो. त्याला कुणी खोडणं म्हणत नाही.

आणि तुझे साहेब काही परके नाहीत. माझ्या हाताखाली आला तेव्हा विशीतला होता. सरळ रेघ मारायला त्याला सहा महिने लागले, पण एकदा शिकल्यावर वाकडी कधी मारली नाही. तुला त्या ऑफिसात घ्या म्हणून मीच त्याला शब्द टाकला होता, हे विसरू नकोस. मनात आहे ते सरळ जाऊन त्याला विचार. तुझी शंका फिटेल आणि माझं टपाल वाचेल.

गुडघे टेकून काम करतेस तर खाली जाड सतरंजी घे. आमच्या घराण्याचे गुडघे चाळिशीत जातात.

आत्या


१४ फेब्रुवारी, शनिवार

ती. आत्यास,

साहेबांना विचारलं नाही. आधी वस्तीत गेले. चूक लहान आहे याची खात्री करून घ्यावी आणि मगच त्यांचा वेळ घ्यावा असं वाटलं.

गोदामाची मागची भिंत अजून उभी आहे. तिच्यात एक भगदाड आहे, माणूस वाकून जाईल एवढं. पलीकडे घरांची एक ओळ आहे. आमची आखणी भिंतीपाशीच संपते, कारण जुन्या नकाशात भिंतीपलीकडे काही नाही. पण तिथे माणसं राहतात. दोऱ्या, बादल्या, रेडिओ, सगळं आहे. पुढच्या गल्लीतले लोक त्यांना "भिंतीपलीकडचे" म्हणतात, यापलीकडे त्यांच्याबद्दल काही बोलत नाहीत.

पहिल्याच दारात एक बाई खुर्ची विणत बसल्या होत्या. त्या खुर्च्यांच्या वेताच्या बैठका विणतात. मी त्यांना ओळखलं. त्या दिवशी हॉलमध्ये सगळ्यात उशिरा आल्या होत्या, दहा मिनिटं थांबल्या आणि कुणाशी न बोलता गेल्या.

मी विचारलं, "काकू, तुम्ही त्या दिवशी काही काढलंत का हो?"

"काढलं की. तुम्हीच सांगितलंत ना, ज्याला जे हवं ते काढा."

"कुठे?"

"खाली, कोपऱ्यात. आमची जागा तिथेच येते ना."

"पण तिथे तर डागच होते."

त्यांनी हातातला वेत खाली ठेवला. "डाग? अहो, ते आमचे अंगठे."

आत्या, त्यांना चित्र काढता येत नाही असं त्यांना वाटलं. सगळीकडे अंगठाच मागतात, मग इथेही तोच चालेल असं त्यांनी धरलं. कोळसा बोटाला चोळला आणि एका घराला एक असे, ओळीने, मोजून सत्तावीस अंगठे उमटवले. "माझ्या घराचा जरा वाकडा आला," म्हणाल्या, "पण घरही तसंच आहे." आणि हसल्या. मग म्हणाल्या, "दिसतोय ना नीट?"

मी हो म्हणाले. आत्या, मी हो म्हणाले. हे मी तुला लिहिलं नाही तर ते कुठेच लिहिलेलं नसेल.

मसुद्यात त्या "मोकळ्या" जागेतून ट्रक वळायचा रस्ता दाखवला आहे, भिंतीपासून पलीकडच्या नाल्यापर्यंत. म्हणजे बरोबर सत्तावीस घरांवरून. परतताना पाहिलं, भगदाडाच्या पलीकडे जमिनीवर चुन्याची एक पांढरी रेघ मारलेली आहे. ताजी आहे. योजना अजून मंजूर झालेली नाही, सभा महिनाअखेरीला आहे असं आम्हाला सांगितलं आहे. मग रेघ कुणी मारली?

आणि आणखी एक दुरुस्ती. मला कुणी सांगितलं नव्हतं असं मी लिहिलं. ते अगदी तसंच नाही. फोटोच्या आधी साहेब हॉलमध्ये आले होते. कागदाभोवती एक फेरी मारली, त्या कोपऱ्यापाशी थांबले आणि जाता जाता म्हणाले, "कोपरा तेवढा बघून घ्या." मी आधी हे लिहिलं नाही, कारण लिहिलं तर मी माझी चूक त्यांच्या गळ्यात घालते आहे असं होईल. पण ते म्हणाले. बघून घ्या म्हणजे काय, आत्या? नीट पाहा, की उरकून टाका?

मूळ कागद अजून आमच्या कपाटात आहे. काल खिडकीपाशी तिरका धरला तर पुसलेल्या जागी काहीतरी पुसट दिसतं. मला दिसतं. दुसऱ्या कुणाला दिसेल का, ते सांगता येत नाही.

हे मी अजून कुणालाही बोललेले नाही. फक्त तुला.

तुझी,
भाची


२१ फेब्रुवारी

चि. बाळ,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं.

थोडं थांब. अशा वेळी घाईने बोललं की बोलणाऱ्याचंच नुकसान होतं. कागदाशी छेडछाड केली असं तू स्वतःच्या तोंडाने कबूल केलंस तर नोकरी जाईल, हे तुला माहीत आहे. पण नुसती नोकरी नाही. तो सगळा कागदच खोटा ठरेल, आणि पुढच्या गल्लीतल्या लोकांनी काढलेले नळ, बाक, झाडं सगळंच रद्द होईल. त्यांचाही विचार कर.

मोठ्या माणसांच्या हातात काही गोष्टी सोडाव्यात. सगळं तुलाच निस्तरावं लागेल असं नाही. कदाचित आपोआप नीट होईल. होईलच.

इथे सगळं ठीक आहे. कान तसाच आहे. तू वेळेवर जेव.

आत्या


२ मार्च, सोमवार

ती. आत्यास,

तुझं पत्र आलं तेव्हापासून ते मला तुझं वाटत नाही. एकही टोमणा नाही, गुडघ्यांची चौकशी नाही. तेव्हाच विचारायला हवं होतं. आता विचारते आहे, पण आधी काय झालं ते क्रमाने लिहिते.

गेल्या मंगळवारी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला. स्वतःच्या हाताने कप माझ्यापुढे सरकवला. म्हणाले, "तुम्ही फार प्रामाणिक आहात. आमच्या धंद्यात असं माणूस मिळत नाही." मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "पण अंगठे बारा की सत्तावीस, हे मोजत बसायचं वय नाही तुमचं."

माझ्या तोंडून त्या ऑफिसात अंगठा हा शब्दसुद्धा कधी निघालेला नाही.

पुढे म्हणाले, "मूळ कागद जुना होत चाललाय, कोळसा झडतो. मी तो सुरक्षित ठिकाणी पाठवलाय." कपाट उघडून पाहिलं. कागद गुंडाळून ठेवायचं नळकांडं आहे, आत कागद नाही. दुसऱ्या दिवशी नोटीस लागली: पालिकेची सभा पुढे ढकलली, आता मंगळवार, १७ मार्चला. मला वाटलं, चला, वेळ मिळाला. पण काल वस्तीत गेले तर चुन्याची रेघ एक राहिलेली नाही. आता दोन आहेत, समांतर, आणि मधलं अंतर ट्रकच्या रुंदीएवढं. खुर्चीवाल्या काकूंची पायरी त्या दोन रेघांच्या मधोमध येते. त्या पायरीवर बसूनच विणत होत्या. मला म्हणाल्या, "मोजायला आले होते. मला वाटलं, आमचे अंगठे बघून आले असतील. बरं वाटलं."

मग मी पुढच्या गल्लीतल्या सलूनवाल्यांकडे गेले. त्या दिवशी कागदावर सगळ्यात जास्त त्यांनीच काढलं होतं, तीन बाक आणि एक कारंजं. (कारंजं कशाला, असं कुणीतरी विचारलं तर म्हणाले, "मग काय, फुकट आहे तर नळच काढू?") ते एका गिऱ्हाइकाची दाढी करत होते. मी विचारलं, त्या कोपऱ्यात अंगठे होते ते तुम्ही पाहिले होते का?

वस्तरा थांबला नाही. "पाहिले ना. सगळ्यांनीच पाहिले."

"मग बोलला का नाहीत?"

"आम्ही कुठे पुसले? नियम पाळला आम्ही. दुसऱ्या दिवशी फोटो लागला, त्यात नव्हते. म्हटलं, ऑफिसला नको असतील." मग आरशात माझ्याकडे बघून म्हणाले, "ताई, अकरा वर्षं त्या गोदामाचा घाण वास घेत बसलोय आम्ही. पोरं रस्त्यावर खेळतात. आता कुठे मार्गी लागतंय. तुम्ही चांगल्या घरातल्या आहात, चांगलं काम करता. आता त्यात हात घालू नका."

गिऱ्हाईक डोळे मिटून होतं. त्यानेही डोळे उघडले नाहीत.

आता प्रश्न. सत्तावीस हा आकडा मी एका खुर्चीवाल्या काकूंच्या तोंडून ऐकला आणि एका पत्रात लिहिला. काकू साहेबांना ओळखत नाहीत. आत्या, साहेबांना तो कुठून कळला?

भाची


७ मार्च

चि. बाळ,

माझ्याकडून.

तुझं अंगठ्यांचं पत्र आलं त्याच दिवशी दुपारी मी त्याला लिहिलं. मला वाटलं, पोरगी एकटी पडली आहे, घाबरली आहे, आणि तो तर माझ्याच हाताखाली तयार झालेला. त्याच्या नजरेतून काहीतरी सुटलं असेल, मी दाखवून दिलं की तो नीट करेल. म्हणून सगळं लिहिलं. भिंत, खुर्ची विणणारी बाई, सत्तावीस, खिडकीपाशी तिरका धरला की पुसट दिसतं तेही. शेवटी लिहिलं, पोरीला सांभाळून घे.

तुला कळवायला हवं होतं. त्या पत्रात तुला थांब म्हटलं ते याच भरवशावर, आणि तो भरवसा तुला सांगितला नाही. माझ्यात आणि सलूनवाल्यात मला फारसा फरक दिसत नाही.

त्याचं उत्तर चौथ्या दिवशी आलं होतं. दोनच ओळी. "काळजी नसावी. तिला आपण जपू. कोपऱ्याचंही बघून घेतो." मी ते पत्र देवघरात ठेवलं होतं, एवढा मला धीर आला होता. काल तुझं पत्र आल्यावर ते काढून पुन्हा वाचलं. अक्षर तेच आहे, शब्दही तेच आहेत, पण मला आता ते वेगळंच वाचता येतं.

कागद कुठे पाठवला, मला माहीत नाही. तो कागद तिरका धरायची कल्पना मीच त्याला दिली, हे मात्र माहीत आहे.

काय कर हे मी सांगणार नाही. एकदा सांगितलं, त्याचं काय झालं ते दिसतंय. फक्त एक लिहिते, आणि ते घराण्याच्या गुडघ्यांइतकंच खरं आहे: लहानपणी तुझे अर्धे गुण कापले ते चुकीचे कापले. डाग कशाचा आहे हे आधी विचारायला मी तुला शिकवायला हवं होतं.

रागावली असशील तर उत्तर नाही दिलंस तरी चालेल.

आत्या


११ मार्च, बुधवार

ती. आत्यास,

रागावले आहे. तो राग आहे हे इथे लिहून ठेवते, नाहीतर पुढचं सगळं खोटं होईल. पण उत्तर देते आहे, कारण काय करणार हे निदान एका माणसाला आधी माहीत असावं, आणि मला तुझ्याशिवाय दुसरं कुणी सुचत नाही.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी ऑफिसचंही आलं. सोमवार, १६ तारखेपासून मला दुसऱ्या शाखेत पाठवलं आहे. मंगळवारच्या सभेच्या आदल्या दिवशी. बढती आहे. सगळे अभिनंदन करताहेत. हॉलची किल्ली परत द्यायला सांगितली, ती दिली.

आधी मी साहेबांना लेखी कबुली द्यायची ठरवली होती. मी काय पुसलं, कधी पुसलं, त्या दिवशी काय बोललं गेलं. लिहूनही झाली, चार पानं. मग वाटलं, हे पत्र जाणार कुठे? ज्यांनी मूळ कागद हलवला त्यांच्याकडेच. सभेत उभी राहून बोलले असते तर? विचारलं असतं, पुरावा काय? पुरावा मी पुसला. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तू म्हणालीस ते होईल: कागद खोटा ठरेल, पुढच्या गल्लीचं मैदान जाईल आणि भिंतीपलीकडची घरंही वाचणार नाहीत. रस्ता त्यांना कागदाशिवायही काढता येतो. कागद फक्त लाज झाकायला हवा होता.

पण आत्या, तो कागद मुळात साहेबांचा नव्हता, पालिकेचाही नव्हता. चाळीस माणसांचा होता, आणि एक्केचाळिसाव्या बाईचा. तेव्हा मी जे सांगायचं आहे ते त्यांनाच सांगायचं, आणि त्यांच्यासमोर सांगायचं. येत्या रविवारी नवा कागद पसरायचा, हॉलमध्ये नाही, त्या भगदाडासमोर उघड्यावर. भिंतीच्या अलीकडचे आणि पलीकडचे एकाच कागदावर. या वेळी आखणीत भिंतीपलीकडची ओळ आधीच असेल, सत्तावीस चौकोन, मी स्वतः फिरून मोजलेले. ट्रकला वळायला जागा हवीच असेल तर ती कुठे, हेही त्यांनीच भांडून ठरवायचं. नाल्याच्या बाजूने जागा आहे, मी पावलं टाकून पाहिली आहे. मंगळवारी सभेत कुणी म्हणालं की रहिवाशांनी स्वतःच्या हाताने मोकळी दाखवली, तर रहिवाशांच्या हातात दुसरा कागद असेल. मी तिथे नसेन. तेही बरंच आहे.

काल दोन्हीकडे जाऊन सांगून आले. खुर्चीवाल्या काकूंना आधी खरं सांगितलं, की तुमचे अंगठे मी पुसले आणि त्या दिवशी तुम्हाला खोटं हो म्हणाले. त्यांनी विणीतला एक वेत ओढून घट्ट केला. मग म्हणाल्या, "येईन. ओळीतल्या सगळ्यांना घेऊन येईन. पण ताई, या वेळी पुसणार कोण, ते आधी सांगा."

मी म्हणाले, कागद रात्री तुमच्याच घरी राहील.

सलूनवाल्यांनी ऐकून घेतलं, दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं आणि हळू आवाजात म्हणाले, "ताई, तुमच्या भल्यासाठी सांगतो. तेवढा एक दिवस येऊ नका." मी विचारलं, तुम्ही सांगताय की तुम्हाला कुणी सांगायला सांगितलंय? ते म्हणाले, "आता त्याने काय फरक पडतो?" मी निघाल्यावर शटर पूर्ण खाली गेलं. दुपारचे बारा वाजले होते.

परतताना पाहिलं, दोन रेघांच्या मधे, प्रत्येक दारासमोर, एकेक खुंटी ठोकली आहे. मोजल्या. सव्वीस आहेत. काकूंच्या पायरीसमोर नाही, तिथे दगड आहे, ठोकता आली नसेल. किंवा अजून ठोकायची राहिली असेल.

किती जण येतील माहीत नाही. पुढच्या गल्लीतलं कुणीही आलं नाही, तर मी भिंतीपलीकडच्यांबरोबर बसेन आणि निदान त्यांचा अर्धा कागद पूर्ण करून देईन. कुणीच आलं नाही, तर जे सांगायचं आहे ते उभं राहून मोठ्याने सांगेन, आणि घरी जाईन. भीती वाटते आहे.

कागद घेऊन ठेवला आहे. कोळशाच्या कांड्या पुरेशा आहेत. रविवार, पंधरा मार्च, सकाळी दहा वाजता.

तुझी,
भाची